नव्वद दिवसांत एकोणीस किलो

माझी आई आमच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करत आलीय. एखादं लेकरू कमी भरलं की तिचं तोंड उतरतं. मग संध्याकाळी ती त्या घरी जाते, चुलीपाशी बसते आणि लेकराच्या मायला सांगते, "याच्या भातावर तेल घालत जा, बाई. अंडं दे. कोंबडी हाय ना घरी?" गावातली कैक लेकरं तिच्या या मागं लागण्यानं सावरली.

आणि तिची स्वतःची पोरगी, म्हणजे मी, नववीत असताना अठ्ठ्याऐंशी किलोची होते.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून थोडं आत आहे. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, मेंढरं आहेत. दिवाळी झाली की ते कळप घेऊन निघतात आणि आषाढाच्या तोंडावर परत येतात. मधले सात-आठ महिने घरात आम्ही दोघीच. मी नऊ-दहा वर्षांची झाल्यापासून अंगानं वाढत गेले. घरात शिजायचं तेच खायचे, जरा जास्त खायचे हे खरं. आबांची थोरली बहीण अशीच होती, असं आई म्हणायची आणि विषय तिथंच संपायचा.

माझी मान मात्र तिला बघवायची नाही. मानेवर काळे, जाडसर पट्टे आले होते. दर रविवारी ती मला न्हाणीत बसवून डाळीच्या पिठानं मान घासायची. कधीकधी कातडं सोलायचं. "आणखी जरासं," म्हणायची, "मळ निघायलाय बघ."

*

त्या वर्षी जानेवारीत शाळेत आरोग्य तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझी वेणी बाजूला केली, मानेवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "हे घासतेस का गं?"

मी मान हलवली.

"घासू नकोस. हा मळ नाही. आतल्या साखरेचा कारभार बिघडला की असं होतं. तुझा यात काही दोष नाही."

दोष नाही, असं मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. मागं रांगेत उभ्या असलेल्या पोरी हसत होत्या, तरी ते शब्द मी घरी जाईपर्यंत मनात धरून ठेवले.

आठ दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. साखर काठावर होती. डॉक्टरीणबाईंनी आईला बोलावून घेतलं. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण हयगयही करू नका. महिन्यातून एकदा परभणीला आणा, तिथं आहाराच्या ताई आहेत. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ झालं. रोज चालायला लावा, जोर लागेल असं काम करू द्या. आणि एक ध्यानात ठेवा, हिला उपाशी ठेवायचं नाही. वाढीचं वय आहे."

आईनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. परभणीला जायचं म्हणजे अंगणवाडीला एक दिवस कुलूप. या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं चाललं होतं. त्यात ती बैठक झाली.

*

अंगणवाडीत दर महिन्याला मायांची बैठक असते. गावातल्या एका बाईचा नातू तीन महिने वजनात वाढला नव्हता. आईनं तिला चार बायांत विचारलं, "पोषण आहाराची पाकिटं शिजवून घालता ना याला?" विचारायची जागा चुकली असेल. ती बाई उसळली.

"पाकिटं आमच्या घरी पोचली तर घालू ना! लेकरांचा खाऊ कुठं जायलाय ते तुमच्या पोरीकडं बघितलं की कळतंय, बाई."

मी तेव्हा बाहेर ओट्यावर बसले होते. आत कुणीतरी हसलं. बाकीच्या गप्प बसल्या, आणि आईला ते गप्प बसणं जास्त लागलं असावं. वीस वर्षांत तिनं त्या खोलीतला चमचाभर रवासुद्धा घरी आणला नव्हता. मला तापात साखरपाणी करून द्यायचं असलं तरी ती दुकानातून साखर आणायची.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले. चूल पेटवली नाही. बराच वेळ माझ्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "रेणू, तुझ्यापायी माझं इमान गेलं."

पुढच्याच सोमवारी ती मला घेऊन सेलूला गेली.

*

कापडाच्या दुकानावर एका मोठ्या खोलीत वजन उतरवायचं सेंटर होतं. भिंतींवर माणसांचे आधीचे जाडे आणि नंतरचे बारीक फोटो जोडीजोडीनं लावलेले. तिथल्या मॅडमनी मला काट्यावर उभं केलं आणि आईला म्हणाल्या, "नव्वद दिवस द्या मला. पोरगी ओळखू येणार नाही."

सकाळी पावडर घोळलेला ग्लास, रात्री पावडर घोळलेला ग्लास. दुपारी एक ज्वारीची भाकरी, तीही अर्धी केली तर उत्तम, आणि काकडी. दूध, भात, शेंगदाणा, गूळ सगळं बंद. पहाटे एक तास पळायचं. रोज वजन करून फोटो ग्रुपवर टाकायचा.

खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले होते. पहिल्या महिन्यात दहा किलो उतरलं. सेंटरवर सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. दुसऱ्या महिन्यात सहा उतरलं. आईनं माझे ड्रेस उसवून आत घेतले. काही काम नसताना ती मला बरोबर घेऊन गावातून चक्कर मारायची, मुद्दाम त्या बाईच्या दारावरून. तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर असायचा. तिसऱ्या महिन्यात तीन उतरलं. मी एकोणसत्तर किलोवर आले. आई पेढे घेऊन सेंटरवर गेली. मला त्यातला एकही दिला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

*

मे महिन्यात मला थंडी वाजायला लागली.

परभणी जिल्ह्यातला मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. पत्र्याखाली बसवत नव्हतं आणि मी चादर घेऊन बसायचे. हातपाय गार. फणीत केसांचे पुंजके यायचे, ते मी चुलीत टाकायचे. पाळी मार्चमध्ये आली होती, ती पुन्हा आलीच नाही. सकाळी पळताना गुडघे लटपटायचे. पाण्याची घागर, जी मी पूर्वी एका हातानं उचलायचे, ती दोन हातांनी उचलेना.

आणि वजन थांबलं. खाणं तेच, पळणं तेच, आणि काटा हलायला तयार नाही. जूनमध्ये तो हलला, पण वरच्या बाजूला. एकाहत्तर.

मॅडमनी आईला बाजूला घेतलं. आवाज मात्र बारीक केला नाही. "पोरगी घरी चोरून खातेय. पावडर खोटं बोलत नाही, ताई."

त्या दिवसापासून आई भाकऱ्या मोजून दुरडीत ठेवायला लागली. गुळाचा डबा, शेंगदाण्याचा डबा तिनं पेटीत ठेवून किल्ली कमरेला लावली.

"आई, मी काहीच खाल्लं न्हाई. तुझी शपथ."

"मग वजन काय हवा खाऊन वाढायलंय?"

 दोन-तीनदा मलाच वाटलं, मी झोपेत उठून खात असेन. शेवटी मी दुपारची भाकरीसुद्धा सोडली, म्हणजे तरी तिला पटेल. पटलं नाही, कारण काटा त्र्याहत्तरवर गेला.

भूक काय असते ते उपास करणाऱ्याला कळत नाही. उपासाला शेवट असतो. माझ्या भुकेला शेवट दिसत नव्हता. वर्गात फळ्यावरचं अक्षर दिसायचं नाही, शेजारणीच्या डब्यातल्या लोणच्याचा वास मात्र तीन बाकांवरून यायचा.

*

हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

जूनच्या शेवटी एका दुपारी आईनं मला अंगणवाडीतून रजिस्टर आणायला पाठवलं. खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यात लहान लेकरांच्या पाकिटांची रास होती. गोड शिऱ्याचं कोरडं पीठ असतं ते. मी एक पाकीट दातांनी फाडलं आणि उभ्याउभ्या मुठीनं पीठ तोंडात कोंबलं. घशात अडकलं, ठसका लागला, तरी थांबले नाही. दुसरं फाडलं. मला उशीर का झाला म्हणून आई बघायला आली, तेव्हा माझ्या ओढणीवर, हनुवटीवर, सगळीकडं पीठ होतं.

तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं दार आतून लावून घेतलं. खाली बसून रिकामी पाकिटं गोळा केली. मग फार हळू आवाजात म्हणाली,

"आता ती बाई खरं बोलली बघ."

घरी येऊन तिनं पेटीतून शेंगदाणे, गूळ, गव्हाचं पीठ काढलं. ज्या दोन लेकरांच्या नावची ती पाकिटं होती, त्यांच्या घरी लाडू करून दिले. मी काही मागितलं नाही आणि तिनं दिलं नाही. लाडू वळतानाचा वास अजून माझ्या नाकात आहे. तिच्या पाठीकडं बघत मी कोपऱ्यात बसले होते. मीच चोर, हे आता मलाही पटलं होतं.

*

आठवड्याभरात आबा कळप घेऊन आले. दारातच थबकले. वजन वाढत असलं तरी माझे गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. जवळ येऊन त्यांनी माझा दंड अंगठ्यानं चाचपला, मेंढीचा चाचपतात तसा.

"रेणूची माय, हिच्या अंगात मास कुठं हाय? कामून असं झालं?"

"चांगलं बारीक झालीय पोरगी," आई म्हणाली, "तुमाला काय कळतंय?"

आबा मेंढरांकडं वळले. पण संध्याकाळी मेंढीचं दूध तापवून माझ्यापुढं ठेवलं. मी आईकडं बघितलं आणि पेला सरकवून दिला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, शाळेत तिसऱ्या तासाला, उजव्या बरगडीखाली कळ आली. आधी वाटलं भूक आहे. मग ती पाठीत शिरली, उलट्या सुरू झाल्या, आणि मी बाकावरून खाली पडले. सेलूच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि परभणीला न्यायला सांगितलं. जीपमध्ये माझं डोकं आबांच्या मांडीवर होतं. त्यांच्या धोतराला मेंढरांचा वास येत होता. मी मरणार, एवढंच मला वाटत होतं, आणि मरताना चोर म्हणून मरणार याची लाज वाटत होती.

सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. पंधरा वर्षांच्या पोरीच्या पोटात खडे, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्यात वजन झपाट्यानं उतरलं होतं का हिचं?"

"नव्वद दिवसांत एकोणीस किलो," आई म्हणाली. एवढं सगळं झाल्यावरही तिच्या आवाजात जरासा अभिमान होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

*

दवाखान्यात मी नऊ दिवस होते. आधी सूज उतरायची वाट बघितली, मग दुर्बिणीनं ऑपरेशन. सकाळी सहाला सिस्टर ताप बघायची, सातला फरशी पुसणारी मावशी फिनाइलची बादली घेऊन यायची, मग डॉक्टरांचा राउंड. शेजारच्या खाटेवर पोखर्णीच्या एक काकू होत्या, त्यांचंही पोटाचंच ऑपरेशन झालेलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझी वेणी घातली. केस त्यांच्या हातात येत होते. त्यांनी ते मला दिसू न देता मुठीत धरून ठेवले आणि आपल्या सुनेचे किस्से सांगत राहिल्या. नऊ दिवसांत मी एकदाच हसले, ते तेव्हा.

ऑपरेशननंतर दुसऱ्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सेंटरचा कागद बघितला, रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि आईला खुर्चीवर बसवलं.

"बाई, एकदम खाणं तोडलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. मग ते खर्च कमी करतं. अंग गार पडतं, पाळी थांबवतं, केस सोडून देतं. चरबीबरोबर मांसही गेलंय हिचं. बसल्या जागी माणूस जेवढं जाळतो, ते जाळणंच कमी झालंय. त्यात अंगात पाणीही साठतं, म्हणून थोडं खाऊनही वजन वाढतं. आणि भूक मात्र दुप्पट लागते."

आईनं पदर सारखा केला. "म्हणजे... ती चोरून खात नव्हती?"

"एवढ्याशा खाण्यावरही वजन वाढू शकतं. पोरगी खोटं बोलत नव्हती."

आई उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. आबा माझ्या पायाशी बसले होते. ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "दुष्काळात निम्म्या चाऱ्यावर ऱ्हायलेली मेंढी चालत न्हाई. उभी ऱ्हाती. लोकं म्हणत्यात आळशी झाली. ती जीव धरून आसती." मग माझ्या पावलांवर त्यांनी घोंगडी ओढली. "मला फोन करायचा, पोरी. कुठंबी असतो तरी आलो असतो."

आई परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिनं माझ्या कपाळाला हात लावला नाही. नळावर जाऊन माझा पेला घासायला लागली, तो स्वच्छच होता.

*

त्यानंतर आम्ही दर महिन्याला परभणीला जायला लागलो. खायचं सगळं, वेळेवर. भाकरी, वरण, अंडी, शेंगदाणे. आणि जोर लावायचा. घागरी उचल, आबांबरोबर चाऱ्याचे भारे उचल. वजन आधी वाढत वाढत ब्याऐंशीला गेलं आणि तिथंच बसलं. शाळेत पोरी म्हणाल्या, "परत तशीच झालीस की गं." पाळी दहा महिन्यांनी आली, त्या दिवशी मी न्हाणीत बसून रडले. साखर आता ठीक आहे. आज मी एकोणीस वर्षांची आहे आणि एकोणऐंशी किलोची. याच्या खाली कदाचित मी कधी जाणारही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, जेवढं हाडामांसाला सोसेल तेवढंच बघू.

शरीर बरंचसं परत आलं. दुसरं एक काही आलं नाही.

दवाखान्यातून आल्यापासून आईनं मला कधी वाढलं नाही. ती रांधते, भांडी माझ्यापुढं मांडते आणि काहीतरी काम काढून अंगणात जाते. एकदा मी विचारलं, "आई, बस ना. मिळून जेवू." ती म्हणाली, "तू जेव, माय. माझी नजर लय वाईट हाय. तुझा घास मोजती." मी म्हटलं, आता तसं काही नाही. ती म्हणाली, "तुला न्हाई. मला हाय."

*

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातली एक बाई तिच्या पोरीला घेऊन आमच्याकडं आली. पोरगी आठवीतली. सेंटरच्या भिंतीवर माझा फोटो अजून आहे, तो बघून त्या आल्या होत्या. आईनं त्यांना चहा दिला आणि चार वर्षांत जे माझ्यापाशी कधी बोलली नाही ते त्या अनोळखी बाईपुढं बोलली.

"तो फोटो बघू नका. मी माझ्या लेकराला उपाशी ठेवलं, आणि वरून चोर म्हणलं. डॉक्टरांनी हळूहळू सांगितलं होतं, मला घाई होती. लोकांची तोंडं बंद करायची होती मला."

बाईनं डोळे पुसले, आईचे हात धरले. परभणीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी कॉलेजला निघाले, तर देवगाव फाट्यावर ती पोरगी उभी. एकटी, सेलूच्या जीपची वाट बघत.

"सेंटरला चाललीस?"

तिनं मान खाली घातली. "मम्मी म्हणली, पुढच्या महिन्यात मामाचं लग्न हाय. तोवर लवकर बारीक व्हायला पाहिजे."

जीपमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो.  सेलू दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, "ताई, भूक लय लागती का?"

"लागते," मी म्हटलं. "आणि लागली की सांगायचं. मम्मीनं ऐकलं नाही तर मला सांग. तू खोटं बोलायलीस असं मी म्हणणार नाही."

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी माझा नंबर लिहून दिला. उतरताना तिनं ती वही दप्तरात खाली, पुस्तकांच्या मागं ठेवली.

आज पंचवीस दिवस झाले. तिचा फोन आलेला नाही. तिच्यासारखी प्रत्येक पोरगी मला जीपमध्ये भेटेल असं नाही, म्हणून हे लिहून ठेवलं.